'ब्रासेरो'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : मेक्सिकोतून अमेरिकेत जाणाऱ्या शेतमजुरांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'ब्रासेरो'साठी 'स्थलांतरित मजूर' चालेल, की 'वेठबिगार' लिहू?

उत्तर : दोन्ही नकोत. स्पॅनिशमध्ये 'ब्रासो' म्हणजे बाहू, त्यावरून अंगमेहनत करणारा तो ब्रासेरो. 'स्थलांतरित' म्हटले की माणूस आपणहून निघाला असे वाटते. याला तर दोन सरकारांनी करार करून नेले होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या शेतांवर माणसे कमी पडली, म्हणून १९४२मध्ये ही योजना सुरू झाली आणि १९६४पर्यंत चालली. त्या काळात ४५ लाखांच्या आसपास करारपत्रे झाली. एकच माणूस अनेकदा जाई, तेव्हा हा आकडा माणसांचा म्हणून लिहू नका.

'वेठबिगार'ही बसत नाही, कारण मजुरी ठरलेली होती. मात्र सुरुवातीच्या वर्षांत तिच्यातले दहा टक्के बचत म्हणून कापून घेत, मायदेशी परतल्यावर देऊ असे सांगून. अनेकांना ते कधीच मिळाले नाहीत. म्हणजे आपल्या 'उचल'च्या नेमके उलट: तिथे मजूर मालकाचे देणे लागतो, इथे मजुराचेच पैसे अडकले. 'ब्रासेरो' तसाच ठेवा आणि पहिल्या उल्लेखात हे दोन ओळींत सांगा.

प्रतिसाद : मग आज अमेरिकेत हंगामी शेतीकामासाठी एच-२ए व्हिसावर जाणाऱ्यांनाही ब्रासेरोच म्हणायचे का?

उत्तर : नाही, ती योजना संपली. त्यांना 'हंगामी करारी शेतमजूर' म्हणा. 'करारी' गाळू नका. हा व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो. राहायची जागा मालकाने फुकट द्यायची असते, पण काम सुटले की देशात राहण्याचा आधारही जातो. नुसत्या 'हंगामी'त ही अडचण दिसत नाही.

प्रतिसाद : लेखात पुढे नाफ्ता, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला व्यापार करार, येतो. तिथे 'मुक्त व्यापार' लिहिले आहे.

उत्तर : शब्द रूढ आहे, राहू द्या. पण काय मुक्त झाले ते वाचकाला कळले पाहिजे. करार १९९४मध्ये लागू झाला. अमेरिकन मक्यावरचे मेक्सिकोचे निर्बंध टप्प्याटप्प्याने उठत २००८मध्ये संपले. स्वस्त मक्यापुढे तिथल्या छोट्या शेतकऱ्याचा टिकाव लागणे कठीण होते. त्याच करारात अभियंते, लेखापाल अशांसाठी व्हिसाची वेगळी सोय होती, शेतमजुरांसाठी नव्हती. म्हणून पहिल्यांदा तरी 'मालाचा मुक्त व्यापार' असे लिहा.