सिरॅमिक घड्याळावर राखाडी रेघ आणि कडेला टवका: बफ मारून घ्यावं का?

शर्वरी_दांडियाबझार

नमस्कार मंडळी. बाबांच्या घड्याळाबद्दल विचारायचंय. काळं, चकचकीत, पूर्ण सिरॅमिकचं राडो आहे, केस (म्हणजे घड्याळाचा बाहेरचा सांगाडा) आणि पट्टा दोन्ही. बाबा बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झाले तेव्हा दादानं आणि मी मिळून घेतलं होतं. आंघोळ आणि झोप सोडली तर ते त्यांच्या मनगटावरच असतं. घेताना दुकानदारानं सांगितलं होतं की याच्यावर ओरखडा पडत नाही, आणि इतकी वर्षं खरंच पडला नव्हता.

उत्तरायणात, म्हणजे इकडच्या संक्रांतीच्या पतंगांच्या सणात, बाबा नातवंडांबरोबर दिवसभर अगाशीवर (गच्चीवर) होते. दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी दिसल्या. एक, केसच्या डाव्या अंगाला, नऊच्या आकड्याच्या बाजूनं, बोटाच्या पेराएवढी लांब राखाडी रेघ. उजेडात चमकते. दोन, चारच्या आकड्याजवळ पट्टा जिथे केसला जोडला जातो तिथल्या कडेचा बारीकसा टवका उडालाय, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा. बाबांचं म्हणणं, रेघ मांजानं पडली, कारण फिरकी त्याच हातात होती आणि पट्ट्याच्या फटीत मांजाचा गुलाबी रंगही सापडला.

एका दुकानात दाखवलं. त्यांनी हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, "बफ मारून (फिरत्या चाकावर घासून) देतो, संध्याकाळी घेऊन जा." बाबांनी घड्याळ परत मागून घेतलं आणि सरळ घरी आले. आता ते कपाटात आहे आणि बाबा रिकाम्या मनगटाकडे बघतात. बफ मारून ही रेघ जाईल का? टवक्याचं काय करायचं? केस बदलणं हा एकच उपाय असेल तर तेही सांगा.

नीलेश_इंदूर

टूथपेस्ट लावून मऊ कापडानं घासून बघा. माझ्या स्टीलच्या घड्याळावरचे बारीक ओरखडे त्यानं बरेच कमी झाले. राजवाड्याजवळच्या घड्याळवाल्यानंच सांगितलं होतं.

श्रीपाद_रावपुरा

शर्वरीताई, बाबांनी घड्याळ उचलून आणलं हे फार चांगलं केलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करतो. घड्याळाशी माझा संबंध असा की तुमच्या बाबांची केस आणि आम्ही रोज बनवतो त्या दाताच्या कॅप एकाच जातीच्या वस्तू आहेत. दोन्ही झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइड, त्यात थोडं यट्रियम ऑक्साइड मिसळलेलं. आमच्याकडे ठोकळा येतो तेव्हा तो इतका मऊ असतो की बोटाला भुकटी लागते. तो मशीनवर कोरायचा आणि मग सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालायचा. भट्टीत तो जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं आक्रसतो, म्हणून कोरतानाच दात मोठा कोरावा लागतो. बाहेर आल्यावर त्याच्यावर लोखंडी कानस फिरवून बघा. झिर्कोनियाला काही होत नाही. कानशीचं लोखंड मात्र त्याच्यावर उतरतं, आणि ते दिसतं कसं? राखाडी, चमकदार रेघ.

तुमचं वर्णन वाचलं आणि हेच डोळ्यांसमोर आलं. घडियाळी पोळ या गल्लीतल्या सराफाकडे सोनं पारखायला कसोटीचा काळा दगड असतो ना? सोनं घासलं की दगड झिजत नाही, सोन्याचा कस दगडावर उमटतो. तुमच्या घड्याळावर तसाच लोखंडाचा किंवा दुसऱ्या कुठल्या धातूचा कस उमटलाय, असा माझा पक्का अंदाज आहे. अगाशीवर पाण्याच्या टाकीची शिडी असेल, कठड्याचा पाइप असेल, पत्र्याची कड असेल. हात घासला गेला असणार.

मांजावर मात्र आळ घेऊ नका. मांजाला काचेची पूड असते. कठीणपणाच्या मोहस मापावर काच साडेपाचच्या आसपास, वाळू ७, झिर्कोनिया साधारण साडेआठ. मऊ वस्तू कठीण वस्तूला चरा पाडू शकत नाही. विकर्स या कठीणपणाच्या दुसऱ्या मापात सांगायचं तर घड्याळातलं ३१६एल स्टील २०० च्या आसपास असतं आणि झिर्कोनिया १२०० च्या घरात. म्हणून स्टीलवर टेबलाच्या कडेनंही ओरखडे येतात आणि सिरॅमिक वर्षानुवर्षं आरशासारखं राहतं. याला खरा चरा पाडणाऱ्या वस्तू थोड्या आहेत: हिरा, कार्बोरंडमचा धार लावायचा दगड, पॉलिश पेपर, ग्राइंडरचं चाक.

आता तपासायचं कसं. खिडकीशी बसा, उजेड तिरपा पडू द्या आणि सराफाकडे असतं तसं दहापट भिंग लावून रेघ बघा. चरा असेल तर खोलगट खाच दिसेल आणि तिच्या कडा तुटक असतील. धातू उतरलेला असेल तर पृष्ठभागाच्या वर पसरलेला थर दिसेल, कुठे दाट, कुठे विरळ. नखाला काही लागलं नाही म्हणून खूश होऊ नका, बारीक चराही नखाला लागत नाही. भिंगच लागतं.

तो धातूचा थरच आहे असं दिसलं तर शाळेतला साधा पांढरा खोडरबर घ्या. आधी ओलसर मऊ कापडानं धूळ पुसा, मग रेघेच्या दिशेनं थोडं थोडं घासा. जवळ स्टीलचा किंवा सोनेरी भाग असेल, चावी (वेळ लावायचा बाजूचा खुंट) असेल, तर त्यावर चिकटपट्टी लावा, कारण त्या भागांवर घासल्याच्या खुणा राहतात. काचेवर तर अजिबात नको. काच नीलमाची आणि कठीण असली तरी बऱ्याच घड्याळांत तिच्यावर चकाकी कमी करणारा पातळ थर असतो आणि तो नाजूक असतो.

नीलेशभाऊ, टूथपेस्ट स्टीलवर काम करते कारण तिच्यातली सिलिकासारखी बारीक पूड स्टीलला थोडं झिजवते. सिरॅमिकला ती झिजवू शकत नाही, धातूचा थर कदाचित काढेल, पण पट्ट्याच्या फटींत आणि चावीच्या खाली जाऊन वाळते. ती काढताना जास्त त्रास.

एक गोष्ट घड्याळ चकचकीत आहे म्हणून सांगतोय. कुणाचं मॅट, म्हणजे चकाकी नसलेलं, सिरॅमिक असेल तर खोडरबरसुद्धा जपून. मॅटवर घासलं की तिथे गुळगुळीत डाग पडतो आणि तो मूळच्या रेघेपेक्षा वाईट दिसतो.

शर्वरी_दांडियाबझार

श्रीपादकाका, तुमच्या नमस्कारानं बाबा खुलले. टाकीच्या शिडीचं म्हटलंत आणि त्यांना लगेच आठवलं, पतंग अडकला म्हणून ते वर चढले होते. (आईला हे आत्ता कळलं, ते वेगळं.) भिंग आणून बघते. पण समजा तो खरा चरा निघाला तर? दादा म्हणतो, सुरतेहून हिऱ्याची पेस्ट आणू, तिकडे सहज मिळते.

अविनाश_लष्कर

ग्वाल्हेरहून लिहितोय. आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. बफबद्दल मी सांगतो.

दुकानातला बफ म्हणजे कापडाचं चाक आणि त्याला लावलेलं लाल पॉलिश. ते लाल पॉलिश आयर्न ऑक्साइड असतं. स्टील आणि सोन्यावर उत्तम, पण झिर्कोनियापेक्षा बरंच मऊ. म्हणजे चरा तिथेच राहणार आणि चाकाची उष्णता मात्र घड्याळात शिरणार. स्टील उष्णता पसरवतं. झिर्कोनिया ती फार हळू पसरवतो, त्यामुळे घासल्या जागीच तापत राहतो. जवळ काचेची रबरी रिंग असते, कुठे चिकटवलेले भाग असतात. आत मशीन ठेवून बफ मारणं तर कोणत्याच घड्याळाला करू नये. तुमच्या बाबांनी वेळीच ओळखलं.

हिऱ्याची पेस्ट सिरॅमिकला कापते, यात शंका नाही. कारखान्यात सिरॅमिकला चमक हिऱ्याच्या पुडीनंच आणतात. पण तिथे आख्खा पृष्ठभाग एकसारखा घासला जातो. घरी बसून एका रेघेवर घासलं की तेवढ्याच जागी खळगा होतो. समोरून कळत नाही, पण केसमध्ये ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा, सरळ नळी त्या जागी वाकडी दिसेल. शिवाय मोठ्या दाण्यापासून सुरू करून बारीक दाण्यापर्यंत पायऱ्या गाळता येत नाहीत, आणि मधल्या प्रत्येक पायरीचे ओरखडे पुढच्या पायरीत पूर्ण गेले पाहिजेत. काळ्या सिरॅमिकवर राहिलेला एक ओरखडाही लपत नाही. माझ्याकडे असं काम आलं तर मी घेत नाही, चरा तसाच ठेवा म्हणून सांगतो. सिरॅमिक आरपार एकाच रंगाचं असतं, वर मुलामा नसतो. त्यामुळे चऱ्यातून दुसरा रंग डोकावत नाही.

टवका ही वेगळी गोष्ट. स्टीलच्या केसचा कोपरा गेला तर लेसर वेल्डिंगनं भर घालून पुन्हा घडवता येतो. सिरॅमिकला ती सोय नाही. कठीण आहे, पण आपटलं तर वाकून धक्का सोसण्याचा गुण त्यात नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येही सहसा केस बदलूनच देतात, आणि तो खर्च बराच असतो. आधी लेखी अंदाज मागा. कुणी रेझिन भरून देतो म्हणालं तर देऊ नका, ते पिवळं पडतं आणि निघून येतं.

श्रीपाद_रावपुरा

अविनाशभाऊंनी माझं काम हलकं केलं. हिऱ्याच्या पेस्टबद्दल मीही हेच सांगणार होतो. आम्ही कॅपला चमक देतो ती हिऱ्याचे कण असलेल्या रबरी चाकांनी, कमी वेगात, हलक्या हातानं, आणि तरी तापमानाची धास्ती असतेच. तोंडातल्या कॅपचा थोडा खळगा जिभेलाही कळत नाही. घड्याळाचा डोळ्याला लगेच कळतो.

टवक्याबद्दल थोडा दिलासा देतो. झिर्कोनियात एक विलक्षण गुण आहे. तडा पुढे सरकू लागला की त्याच्या टोकाशी असलेल्या कणांची रचना बदलते आणि ते सुमारे ४ टक्के फुगतात. त्या फुगण्यानं तडा दाबला जातो. याच गुणामुळे आम्ही दाढेवर, जिथे सुपारी फोडली जाते, तिथे झिर्कोनिया बसवू शकतो. म्हणून कडेचा इवलासा टवका म्हणजे उद्या केस फुटणार, असं समजू नका. फक्त त्या टवक्यापासून केसात शिरणारी बारीक रेष आहे का, हे भिंगातून बघा. रेष असेल तर घड्याळ वापरू नका, सर्व्हिसला द्या.

शर्वरी_दांडियाबझार

भिंग मिळालं, काकांच्या सांगण्याप्रमाणे खिडकीशी बसलो. रेघेचा थर स्पष्ट वर दिसत होता, खाच कुठेच नव्हती. खोडरबरानं बाबांनी स्वतः घासलं, मला हात लावू दिला नाही. रेघ गेली! पूर्ण गेली, खालचा काळा भाग जसाच्या तसा. खोडरबराच्या चुऱ्यात राखाडी रंग दिसत होता.

टवका आहे तसा आहे, त्यातून रेष निघालेली दिसत नाही. केस बदलायची नाही असं बाबांनीच ठरवलं. दोनच शंका उरल्यात. आईची हिऱ्याची अंगठी आणि हे घड्याळ रात्री एकाच डबीत असतात, ते चालेल का? आणि टवक्यातून पाणी शिरेल का?

श्रीपाद_रावपुरा

डबी आजच वेगळी करा! इतक्या वर्षांत चरा पडला नाही हे नशीब. घड्याळाला मऊ कापडाची स्वतंत्र पिशवी शिवा आणि ज्या हातात घड्याळ त्या हातात हिऱ्याची अंगठी नको.

पाणी त्या टवक्यातून शिरणार नाही. पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा काचेखाली, चावीत आणि मागच्या झाकणाला असतात, पट्ट्याच्या जोडाशी नाहीत. तरी शिडीवर आपटलेलं घड्याळ आहे, तेव्हा पुढच्या वेळी सेल बदलाल तेव्हा रिंगा तपासून प्रेशर टेस्ट करून घ्या. तोवर बाबांना म्हणावं, बिनधास्त घाला, फक्त पोहायला जाताना काढून ठेवा.