शब्दचर्चा : अल्फा कणांची गळती आणि निचरा

प्रश्न : संमीलन अणुभट्टीवरील मजकूर मराठीत आणताना मी ‘कन्फाइनमेंट’साठी ‘बंदिवास’ आणि ‘लॉस’साठी ‘ऱ्हास’ हे शब्द योजले. ‘वेगवान अल्फा कणांचा ऱ्हास’ हे मात्र खटकते. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : ‘ऱ्हास’ टाळावाच, कारण ‘अल्फा ऱ्हास’ म्हटले की किरणोत्सारी केंद्रकातून अल्फा कण बाहेर पडणे डोळ्यांसमोर येते. येथे गोष्ट वेगळी आहे. ड्यूटेरियम व ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड प्रकारांची केंद्रके एकत्र येण्यातून, म्हणजे संमीलनातून, १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते, तिच्यापैकी १४.१ दशलक्ष न्यूट्रॉनाच्या आणि ३.५ दशलक्ष अल्फा कणाच्या (हेलियमच्या केंद्रकाच्या) वाट्याला येते. न्यूट्रॉनावर विद्युतभार नसल्यामुळे त्याच्यावर चुंबकीय क्षेत्राची सत्ता चालत नाही; अल्फा कण मात्र क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेत राहतो (५ टेस्लाच्या क्षेत्रात या गिरकीची त्रिज्या सुमारे ५ सेंटिमीटरपर्यंत असते) आणि मुख्यतः इलेक्ट्रॉनांशी टकरा घेत आपली ऊर्जा प्लाझ्माला (अतितप्त, विद्युतभारित वायुरूप इंधनाला) देऊन मंदावतो. म्हणजे त्याला कायमचे कोंडायचे नसून ऊर्जा देऊन होईपर्यंत धरून ठेवायचे आहे. म्हणूनच ‘बंदिवास’पेक्षा ‘धारण’ मला नेमका वाटतो. शिवाय त्यातून ‘धारणकाल’ हा जोडशब्दही सहज होतो. ‘कन्फाइनमेंट’साठी ‘परिरोध’ म्हणणेही चूक नाही, पण नव्या वाचकाला तो काहीच सांगत नाही.

ऊर्जा देण्याआधीच कण भिंतीवर जाऊन आदळला, तर ती ‘गळती’. अणुभट्टीच्या वलयाकार पात्राभोवतीची चुंबकीय वेटोळी मोजकीच असल्याने (ईटर या आंतरराष्ट्रीय प्रायोगिक संमीलन अणुभट्टीत ती १८ आहेत) क्षेत्र सर्वत्र सारखे राहत नाही, आणि त्या चढउतारांमुळे काही कणांच्या कक्षा सरकत बाहेर जातात. जन्मतः सेकंदाला सुमारे १३,००० किलोमीटर धावणारे हे कण प्लाझ्मातील आल्फवेन लाटांनाही (क्षेत्ररेषा ताणलेल्या तारेसारख्या थरथरून उठणाऱ्या लाटांनाही) चेतवतात, आणि त्याच लाटा मग त्यांना बाहेर लोटतात. अशी गळती भिंतीच्या थोड्या भागावर एकवटली, तर तो भाग तापून खराब होण्याचा धोका असतो.

याउलट, मंदावलेला अल्फा कण म्हणजे निव्वळ हेलियमची राख. ती आत साचली तर इंधन विरळ होते, म्हणून ती बाहेर जायलाच हवी. त्या जाण्याला मी ‘निचरा’ म्हणेन. कण तोच, बाहेर पडणेही तेच. पण गळती नको असते आणि निचरा हवा असतो, हा भेद या दोन शब्दांमुळे आपोआप कळतो.

प्रश्न : ‘व्यय’ चालेल का?

उत्तर : कण निसटण्यासाठी नको. व्यय म्हणजे खर्च, आणि अल्फा कणाने इलेक्ट्रॉनांवर ऊर्जा खर्च करणे हेच तर आपल्याला हवे आहे. ‘वेगवान’ हे विशेषणही गाळू नका. ते गळले तर वाक्य राखेविषयी आहे की ताज्या कणाविषयी, हे समजणार नाही. आपले वाक्य असे करता येईल : ‘वेगवान अल्फा कणांचे धारण पुरेसे नसेल, तर त्यांची गळती होऊन प्लाझ्मा हवा तसा तापत नाही.’