न्यूड फोटो: देहावरचा हक्क की नुसतीच चर्चेची हौस?

गोदाकाठची: मैत्रिणीने स्वतःचे न्यूड फोटो स्वतःच काढलेत. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, सिझरचा आडवा व्रण, ब्रेसियरच्या पट्ट्यांचे खांद्यावर कायमचे वळ. ब्लॅक अँड व्हाइट, चेहऱ्यासकट. गंगापूर रोडच्या एका हॉलवाल्याने प्रदर्शनाला नकार दिला, "आमच्याकडे फॅमिली येते." अहो, २०१५च्या कुंभात त्र्यंबकला नागा साधूंची मिरवणूक बघायला हीच फॅमिली पोरं कडेवर घेऊन उभी होती! त्यांचा उघडा देह वैराग्य आणि हिचा अश्लील? माझ्या मते तिने भूमिकाच घेतलीय, देह माझा, दाखवायचा की नाही तेही मीच ठरवणार.

सिन्नरकर: नागांना मध्ये आणू नका. ते फोटोसाठी कपडे काढत नाहीत, ही बाई फोटोसाठीच काढतेय. आता कोणीतरी आमच्या सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरातल्या उघड्या मूर्ती दाखवेल. लहानपणापासून बघतोय. पण दगडातल्या बाईला नातेवाईक नसतात. हिच्या मुलीचं लग्न ठरताना फोटो व्हॉट्सॲपवर फिरले तर?

गोदाकाठची: मुलगीच लाइट धरून उभी होती.

पाचट: मी स्त्रीवादीच, तरी मला हे पटत नाही. पाळीत कामाचा खाडा नको म्हणून बीडच्या ऊसतोड बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याचं २०१९ला गाजलं. देहावरच्या हक्काची लढाई तिथे आहे, हॉलच्या भिंतीवर नाही. आणि कॅमेरा बाईच्या हातात आला म्हणून बघणाऱ्याची नजर थोडीच बदलते? र. धों. कर्व्यांनी त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न चित्रं छापली, हेतू स्वच्छ होता. पण आतलं संततिनियमन वाचायला किती जणांनी अंक उघडला असेल, सांगा.

गोदाकाठची: बीडची बाई आणि ही, दोघींच्या पोटावर टाकेच आहेत. एकीचे दिसले म्हणून दुसरीचे झाकले जात नाहीत.

वकीलीणबाई: कर्व्यांचा विषय निघालाच आहे तर, १९३४च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं होतं. हरले, पण घेतलं. आता कायद्याचं. अवीक सरकार खटल्यात (२०१४) सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की नग्न चित्र आपोआप अश्लील ठरत नाही, संदर्भ आणि आजच्या समाजाचं माप लावून बघायचं. माझ्या दृष्टीने त्याहून कामाचं कलम भारतीय न्याय संहितेचं ७७. बाईने असा फोटो काढू दिला, पण पसरवायला संमती दिली नाही, तर पसरवणं गुन्हा आहे. म्हणजे काढायची संमती वेगळी, फिरवायची वेगळी. सिन्नरकरांच्या व्हॉट्सॲपला उत्तर तिथे आहे. फक्त भिंतीवर लावलेला फोटो कोणी मोबाइलवर टिपून फिरवला, तर समोरचा वकील वाद घालणारच. दाराशी अट लेखी लावा.

सिन्नरकर: कायदा तुमचा असेल ताई, हॉल त्याचा आहे.

गोदाकाठची: म्हणून तिच्याच दिवाणखान्यात लावतोय. मोबाइल दाराशी जमा. पाचट, तुम्हीही या, भांडायला समोरासमोर बरं पडेल.