अभिजात गोष्टींतून मुलांना लिहितं कसं करावं? मदत हवी आहे

नमस्कार. माझी सात वर्षांची मुलगी गोष्टी मन लावून ऐकते, पण वही पुढे केली की गप्प. सध्या तिला ‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९) वाचून दाखवतेय. बेटावर अडकलेला क्रूसो एका बाजूला वाईट, दुसऱ्या बाजूला चांगलं अशी यादी करतो, शाई पुरेल तोवर रोजनिशी लिहितो, हे तिला फार भावलं. तिनेही मधोमध रेघ मारून लिहिलं: ‘वाईट - एकटा आहे. चांगलं - पोपट बोलतो.’ केवढा आनंद झाला मला!

पण मूळ पुस्तकातली लांबलचक वाक्यं तिला झेपत नाहीत आणि आमच्याकडच्या संक्षिप्त आवृत्तीत नेमकी ती यादीच गाळली आहे. मग मुळातले निवडक उतारेच वाचावेत का? तिचे ऱ्हस्व-दीर्घ आत्ताच सुधारावेत की राहू द्यावेत? आणि मुलांना आपणहून लिहावंसं वाटेल असे प्रसंग आणखी कोणत्या जुन्या पुस्तकांत आहेत?