पोप कॅलिक्स्टस: ठेवी बुडवणारा गुलाम की दयाळू पोप?

वसईकर:
सन 217 ते 222 मधे रोमचा बिशप, म्हणजे आज आपण ज्याला पोप म्हणतो तो कॅलिक्स्टस, आधी गुलाम होता हे चर्चमधेही फारसं कुणी सांगत नाही. मालक कार्पोफोरस, तोही ख्रिस्तीच. त्याने याला पेढी काढून दिली, विधवांनी आणि इतरांनी विश्वासाने ठेवी ठेवल्या आणि सगळा पैसा बुडाला. हा पळाला, पोर्टस बंदरात जहाजावर चढला, मालक मागून येताना दिसला तशी समुद्रात उडी मारली, खलाशांनी ओढून काढला, मग जातं ओढायची शिक्षा, पुढे सार्डिनिया बेटावरच्या खाणीत सक्तमजुरी. असा माणूस पोप झाला आणि व्यभिचाराचं पाप केलेल्यांनाही पश्चात्तापानंतर परत चर्चमधे घ्यायला लागला. मला याचा अभिमान वाटतो.

ठेवीदार:
अभिमान?? त्या विधवांचं काय झालं ते सांगा आधी. आमच्या आजीचे पैसे एका पतसंस्थेत अडकले ते गेलेच, पासबुक अजून पत्र्याच्या डब्यात आहे, गेली तोवर ती दर महिन्याला काढून बघायची. दुसऱ्याचे पैसे बुडवणाऱ्याने मोठ्या मनाने सगळ्यांना माफ करायचं हे मला पटत नाही.

जुनीपोथी:
थांबा जरा. हे सगळं आपल्याला कळतं कुणाकडून? हिप्पोलिटसकडून. तो कॅलिक्स्टसचा कट्टर विरोधक, त्याच्याविरुद्ध वेगळा गट काढून बसलेला. त्याचं हस्तलिखित 1842 मधे ग्रीसमधल्या माउंट अ‍ॅथॉसवरून आलं आणि 1851 मधे छापलं तेव्हा तर ते ओरिजेन या दुसऱ्याच ख्रिस्ती लेखकाच्या नावावर छापलं होतं. भावकीच्या वादात एकाच बाजूची कैफियत हाती आली तर आपण निकाल देतो का? आणि त्याच कैफियतीत असंही आहे की ठेवीदारांनीच मालकाला विनवलं, याला सोडा.

ठेवीदार:
सोडा म्हणाले कारण हा सांगत होता की पैसे अमक्यातमक्याकडे अडकलेत, वसूल करतो. दयेपोटी नाही, आशेपोटी. आशा काय असते ते आमच्या घरात बघितलंय. आणि गव्हात तण असतंच, बायबलमधल्या नोहाच्या तारवात सगळेच प्राणी होते, म्हणून पापी माणूसही चर्चमधे राहू दे, हा त्याचा युक्तिवाद मला सोयीचा वाटतो.

वसईकर:
सोयीचा कसा? रोमच्या कायद्यात गुलामाशी लग्नाला लग्न म्हणतच नसत, याने उच्च घरातल्या बाईने गुलामाशी केलेला संसार मान्य केला. त्याने कुणाची सोय झाली, त्या जोडप्यांचीच ना. आणि सम्राट कॉमोडसच्या रखेलीने, मार्सियाने, खाणीतल्या ख्रिस्ती कैद्यांची यादी मागितली, पोप व्हिक्टरने दिली, त्यात याचं नावच नव्हतं, हा गुडघ्यावर बसून रडला तेव्हा सुटला. यादीतून वगळलं जाणं त्याने भोगलं होतं, म्हणूनच तो पापी माणसाला दारातून हाकलू शकला नाही असं मला वाटतं.

जुनीपोथी:
अ‍ॅपियन रस्त्यावरची दफनभूमी आधी त्याच्याकडेच सोपवली होती, आजही त्याच्याच नावाने ओळखतात. तिथे पोपांच्या कक्षात नंतरच्या पोप पाँटियनच्या थडग्याच्या संगमरवरी फरशीवर ग्रीक अक्षरं आहेत. या पाँटियनबरोबर 235 मधे हिप्पोलिटसलाही सार्डिनियालाच पाठवलं, दोघंही तिकडेच वारले, आणि रोमच्या चर्चने दोघांनाही परत आणून मानाने पुरलं.

ठेवीदार:
हे माहीत नव्हतं. हिप्पोलिटसला परत घेतलं ते चांगलंच केलं. पण ठेवींचा प्रश्न माझा तसाच आहे, तो मी सोडणार नाही.