सेसना १५२: फायनलला (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) इंजिनाची पॉवर ठेवायची की ती बंद करून ग्लाइड करायचं?

प्रश्न (शिकाऊ वैमानिक)
नमस्कार. ३२ तास झालेत, सोलो (एकटीने पहिलं उड्डाण) तोंडावर आलाय. आधीचे सर डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जाताना) धावपट्टीचं टोक पंखाच्या रेषेत आलं की थ्रॉटल पूर्ण बंद करायला लावायचे. नवे सर म्हणतात, फ्लेअरपर्यंत (टेकण्याआधी नाक उचलेपर्यंत) १५०० आरपीएम ठेव. गेल्या आठवड्यात तीनदा ग्लाइड केलं. दोनदा कमी पडले, एकदा उंच राहिले आणि निम्मी धावपट्टी तरंगण्यातच गेली. सोलोला काय धरू?

उत्तर (निवृत्त इन्स्ट्रक्टर)
सोलोला पॉवर ठेव, बाळा. पॉवर असली की चूक दोन्हीकडून सावरता येते. ग्लाइडमध्ये उंची घालवता येते, कमावता येत नाही.

पण आधीच्या सरांनी दिलेलं टाकू नकोस. इंजिन बंद पडेल त्या दिवशी तेवढंच हाती असेल.

तू कमी का पडलीस याचा मला अंदाज आहे. टोक लांब वाटलं की हात आपोआप योक (नाक वर-खाली करणारा दांडा) मागे ओढतो. १५२ चा ग्लाइडचा वेग ६० नॉट. तो ५० वर आणलास तर विमान पुढे जात नाही, उलट लवकर खाली बसतं. मी विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर काचेवर ग्रीज पेन्सिलीने ठिपका काढायचो. वेग आणि नाक स्थिर असताना टोक ठिपक्याच्या वर सरकलं तर कमी पडतोय, खाली सरकलं तर उंच आहोत. पोरांना हे दोन सॉर्टीत (उड्डाणांत) कळायचं.

आता कोन. पॉवरवर आपण साधारण ३ अंशांनी येतो, म्हणजे नॉटिकल मैलामागे ३०० फूट. थ्रॉटल बंद, फ्लॅप (पंखामागच्या झडपा) वर, वारा नाही, तर १००० फुटांत जेमतेम दीड मैल जातं. म्हणजे कोन ६ अंशांच्या पुढे. त्यामुळे ग्लाइडवर पॅपीचे (उतरण्याचा कोन दाखवणारे धावपट्टीशेजारचे) चारही दिवे पांढरे दिसतील आणि ते बरोबरच आहे. ३ अंशांचे दोन लाल शोधत बसलीस तर कमी पडणारच. समोरून वारा असेल तर बेस (फायनलआधीचा आडवा टप्पा) आणखी जवळ घे. फ्लॅप मात्र पोचणार याची खात्री झाल्यावरच.

आणि थ्रॉटल बंद करण्याआधी कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा)! आपल्याकडे उकाड्यात बर्फ कुठला, असं सगळ्यांना वाटतं. पेट्रोलची वाफ होताना आणि व्हेंच्युरीत (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात) दाब उतरताना कार्ब्युरेटरमधलं तापमान २० अंशांहून जास्त उतरू शकतं. पावसाळी दमट हवेत २५ अंशांनाही बर्फ धरतो, आणि थ्रॉटल मिटलेलं असताना सगळ्यात जास्त. लांब ग्लाइड असेल तर मधूनमधून थोडी पॉवर देऊन इंजिन गरम ठेव.

उत्तर (अमेरिकेत शिकणारा)
इथे कमर्शियल पायलटच्या परीक्षेला हेच करून दाखवावं लागतं. टोकाशेजारी पॉवर बंद, १८० अंश वळायचं आणि ठरवलेल्या खुणेपासून पुढे २०० फुटांच्या आत टेकायचं. खुणेच्या आधी टेकलात तर नापास. मला जमायला लागलं ते बेस जवळ घेऊन मुद्दाम उंच राहायला लागल्यावर. जादा उंची साइड स्लिपने (विमान तिरकं घसरवून) काढतो. पण सेसनात फ्लॅप असताना स्लिप करायची तर मॅन्युअल आधी वाचा.

प्रश्नकर्ती
सर, नाक वर केलंच होतं, दोन्ही वेळा. वेगाच्या काट्याकडे बघितलंच नाही. उद्या सातची सॉर्टी आहे, नव्या सरांना ठिपक्याचं विचारते.