शिकवलेला ऑपरेटर वर्षभरही टिकत नाही, छोट्या शॉपवाल्याने करायचं काय?

भोसरी_मशीनशॉप
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं शॉप आहे, सीएनसी टर्निंग आणि व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीनं), पस्तीसेक माणसं. आयटीआय करून पोरगं येतं, ड्रॉइंग धड वाचता येत नाही, आमचा सेटर (जॉबप्रमाणे मशीन लावून देणारा) त्याला शेजारी उभा करून ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) कसा टाकायचा, इन्सर्ट (टूलची कापणारी टिप) गेलाय हे आवाजावरून कसं ओळखायचं, मायक्रोमीटर किती घट्ट धरायचा सगळं शिकवतो आणि जरा हात बसला की चाकणला कोणीतरी दोन-अडीच हजार जास्त देतं, की गडी गेला. सांगूनही जात नाहीत, पगार झाला की दुसऱ्या दिवशी फोन स्विच ऑफ. पोरांचा राग नाही येत मला, लातूर-नांदेड-परभणीची पोरं आहेत, कॉट बेसिसवर राहतात, घरी पैसे पाठवतात, दोन हजार त्यांना मोठेच. पण माणूस नाही म्हणून सेकंड शिफ्टला मशीन बंद आणि बँकेचा हप्ता चालू, हे किती दिवस चालणार?
भाऊ म्हणतोय ओरिजनल सर्टिफिकेटं ठेवून घे आणि ठराविक काळ नोकरी सोडणार नाही असा बाँड लिहून घे. त्यात नवीन लेबर कोडमुळे हातात येणारा पगार कमी होणार अशी कुजबुज फ्लोअरवर चालू आहे, त्यामुळे अजून दोघं-तिघं इकडेतिकडे बघतायत. काय करावं, अनुभवी लोकांनी सांगा.

एचआर_चाकण
आधी कुजबुजीचं बघा, ते लगेच मिटण्यासारखं आहे. कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत. एचआरए, कन्व्हेयन्स वगैरे धरून भत्ते एकूणच्या ५० टक्क्यांवर गेले तर वरचा भाग, पीएफ ज्यावर कापतात त्या वेतनातच धरायचा, एवढाच तो मुद्दा. समजा २२ हजार ग्रॉस आहे आणि तुम्ही ९ हजारांवर पीएफ कापताय, आता ११ हजारांवर कापाल, म्हणजे १०८० च्या जागी १३२०. महिन्याला २४० रुपयांचा फरक, तोही त्याच्याच खात्यात जातो आणि तेवढेच तुम्हालाही भरावे लागतात. ज्यांचा पीएफ आधीच १५ हजारांच्या मर्यादेवर कापला जातोय त्यांना काहीच फरक नाही. हे नोटीस बोर्डावर लावून भागणार नाही, शिफ्ट बदलताना दहा मिनिटं उभं राहून एकेकाची सॅलरी स्लिप हातात घेऊन समजावून सांगा.
सर्टिफिकेटं अजिबात ठेवू नका. बाँड कोर्टात टिकू शकतो, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेच्या केसमध्ये २ लाखांचा बाँड मान्य केलाय, पण ती अधिकाऱ्याची नोकरी होती. वीस हजारांच्या ऑपरेटरमागे वकील लावून तुम्ही काय वसूल करणार?

व्हीएमसी_सेटर
मी ऑपरेटर म्हणूनच लागलो होतो, म्हणून आमच्या बाजूने सांगतो, राग मानू नका. दोन हजारांसाठी जातात हे अर्धंच खरं आहे. मी पहिली कंपनी सोडली ती ओटीवरून, म्हणजे ओव्हरटाइमवरून. चार-चार तास थांबवायचे आणि पैसे सिंगल रेटने द्यायचे, डबल मागितला तर म्हणायचे परवडत नाही. कायद्याने ओटी डबलच आहे आणि तो फॅक्टरी ॲक्टपासून आहे, आत्ता नवीन आलेला नाही. दुसरं म्हणजे पुढे काय होणार ते कोणी सांगतच नव्हतं. वर्षभर एकच जॉब, लोड-अनलोड लोड-अनलोड, प्रोग्रामला हात लावला की सुपरवायझर ओरडायचा. पोरगं गावी गेलं की मित्र विचारतात काय शिकलास, आणि सांगायला काहीच नसतं. तुमच्याकडे किती जण ऑपरेटरचे सेटर झाले ते आठवून बघा. एक जरी झाला असेल ना, तर नवीन पोरांना तो दाखवा.
अजून एक, सुट्टीचं. पेरणीला, गौरी-गणपतीला पोरं जाणारच. आधी ठरवून दिलीत तर परत येतात, अडवलीत तर तिकडूनच दुसरीकडे लागतात.

शिरोली_कोल्हापूर
वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडं सेटिंग जमाय लागलं की महिन्याच्या पगारात ठराविक वाढ द्यायची असं ठरवून कागदावर लिवलंय, कोणत्या जॉबचं सेटिंग आलं की किती रुपये, सगळं भिंतीवर लावलंय. मालकाच्या मर्जीवर काहीच ठेवलं नाही. पोरं अजूनही जातात, पण सेकंड शिफ्ट कधी बंद पडली नाही. आणि पगार वाढवताना ईएसआयसीची (कामगार विम्याची) २१ हजारांची मर्यादा बघा, ती ओलांडली की आई-बापाचा दवाखाना बंद होतो आणि वाढ मिळूनसुद्धा घरात कुरकुर होती. वेतनाच्या नवीन व्याख्येप्रमाणं तो आकडा कशावर धरायचा ते कन्सल्टंटकडनं बघून घ्या, आणि बाहेर पडत असंल तर ग्रुप मेडिक्लेम काढून द्या. एवढी जबाबदारी आपलीच हाय.

भोसरी_मशीनशॉप
सगळ्यांचे मनापासून आभार. सर्टिफिकेटं ठेवायचा विषय बंद. सेटिंगप्रमाणे वाढ पटली, सेटरला सोबत बसवून लिस्ट करतो. पण शिकवण्याच्या काळात मशीन हळू चालतं, रिजेक्शन जातं, तो खर्च छोट्या माणसाने कुठून काढायचा? त्यासाठी काही योजना आहे का?

एचआर_चाकण
आहे. तुमची माणसं ३० च्या वर आहेत म्हणजे अप्रेंटिस घेणं तुम्हाला तसंही बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के. एनएपीएस म्हणजे केंद्राच्या अप्रेंटिस योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिन्याला कमाल १५०० रुपये, केंद्र सरकार देतं.
दुसरी पीएम विकसित भारत रोजगार योजना, १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ मध्ये लागलेल्यांसाठी. ५० पेक्षा कमी माणसं असतील तर किमान दोन जास्तीचे घ्यायचे आणि सहा महिने टिकवायचे, मग मालकाला एका माणसामागे महिन्याला ३ हजारांपर्यंत मिळतात, दोन वर्षं, आणि मॅन्युफॅक्चरिंगला चार वर्षं. पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या पोरालाही एका महिन्याचा पगार, १५ हजारांपर्यंत, दोन हप्त्यांत मिळतो. पहिला सहा महिन्यांनी, दुसरा बारा महिन्यांनी. हे लागतानाच त्याला सांगा, बऱ्याच पोरांना माहीतच नसतं. फक्त पीएफचं रिटर्न वेळेत भरा आणि यूएएनचं (पीएफच्या कायमच्या नंबरचं) फेस व्हेरिफिकेशन पहिल्याच आठवड्यात करून घ्या, तिथेच अडकतं सगळं.